रक्त काढल्यानंतरचे तीन तास

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. यंदा एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत वर्गात, स्टाफरूममध्ये, विद्यापीठाच्या बैठकांत मी एक गोष्ट ठासून सांगत आले. ती आता मी मागे घेते आहे. नुसती मागे घेऊन भागणार नाही. का घेते आहे तेही सांगायला हवं, कारण माझ्या त्या मताची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली आणि ऊस तोडायला आलेल्या चाळीस माणसांनी मोजली.

माझं मत असं होतं: यंत्र चालवायला शिकणं वेगळं आणि शास्त्र शिकणं वेगळं. मास स्पेक्ट्रोमीटर हे कोट्यवधींचं यंत्र. ते ज्या संस्थेत आहे तिथे ते चालवणारी माणसंही आहेत. आपण नमुने पाठवावेत, आकडे मागवावेत आणि त्यांचा अर्थ लावावा. अर्थ लावणं हे आपलं काम, बाकी सगळं हातकाम. म्हणून चार-पाच दिवसांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या कार्यशाळा मला वेळ घालवणं वाटत. प्रमाणपत्रापलीकडे तिथून कुणी काही घेऊन येत असेल, यावर माझा विश्वासच नव्हता.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी असाच एक अर्ज घेऊन आली. मास स्पेक्ट्रोमेट्री वापरून मेटाबोलोमिक्स कसं करतात याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. माझी सही हवी होती. "मॅडम, नमुना हाताळण्यापासून डेटापर्यंत सगळं स्वतः करायला देतात," ती म्हणाली. मी अर्ज वाचला आणि तिला परत दिला. "पाच दिवसांत काय शिकणार तू? इथे नमुने गोळा करायचे पडलेत. हंगाम काय आपल्यासाठी थांबणार आहे?" ती काही बोलली नाही. अर्जाची घडी वहीत ठेवून गेली.

हंगाम म्हणजे गाळपाचा हंगाम. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, जालन्या-परभणीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आमच्याकडे उतरतात. नवरा-बायकोची जोडी, तिला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. फडाजवळ कोप्या पडतात आणि पहाटे अंधारात काम सुरू होतं ते मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत. मी लहानपणापासून हे बघत आले आहे. महिनोन्महिने असं राबणाऱ्या शरीरात काय घडत असेल, हा प्रश्न माझ्या मनात जुना होता. मेटाबोलोमिक्सचं तंत्र वाचनात आलं तेव्हा वाटलं, हाच तो रस्ता.

थोडक्यात सांगायचं तर शरीरात चाललेल्या चयापचयात जे लहान लहान रेणू तयार होतात आणि मोडतात, म्हणजे साखरा, अमिनो आम्लं, स्निग्धाम्लं, लॅक्टेटसारखी आम्लं, ते एका वेळी शेकड्यांनी मोजायचे, याला मेटाबोलोमिक्स म्हणतात. जनुकं काय घडू शकतं ते सांगतात, हे रेणू आत्ता काय घडतं आहे ते सांगतात. कल्पना जुनीच आहे. लघवीतल्या गोडव्यावरून रोग ओळखणाऱ्यांनी त्याला मधुमेह हे नाव दिलं, तेही एका रेणूवरून केलेलं निदानच. लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरने हवेत ठेवल्यावर काळी पडणाऱ्या लघवीचा माग काढला आणि 1902 मध्ये ही विकृती आनुवंशिक असल्याचं दाखवलं. फरक इतकाच की तेव्हा डोळे, नाक आणि जीभ होती. आता मास स्पेक्ट्रोमीटर आहे, जो रेणूला विद्युतभार देऊन त्याचं वस्तुमान दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत सांगतो.

आमचा अभ्यास साधा होता. चाळीस तोड कामगार आणि त्यांच्याच वयाचे चाळीस बैठं काम करणारे लोक. नीतिसमितीची परवानगी, मराठीतलं संमतीपत्र, सगळं रीतसर. कामगारांचं रक्त आम्ही पहाटे, फडात जाण्याआधी, उपाशीपोटी घेत होतो, म्हणजे त्या दिवसाच्या कष्टाचा परिणाम मध्ये येऊ नये. दर खेपेला दहा माणसं. माझ्या विद्यार्थिनीचं गाव बीड जिल्ह्यातलं, त्यामुळे ती माणसं तिच्याशी मोकळेपणाने बोलत. एकेकाला फडावर जायला अर्धा तास उशीर होई, मुकादम कुरकुरे, तरी माणसं हात पुढे करत. परत येणारी गाडी मिळाली की नळ्या महाविद्यालयात यायच्या. तिथे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. बैठं काम करणाऱ्यांचं रक्त तर महाविद्यालयाच्या दवाखान्यातच घेतलं, सेंट्रिफ्यूज शेजारच्या खोलीत.

ही दोन वाक्यं मी आता एकापाठोपाठ एक लिहिते आहे, म्हणून त्यांतली गोम लगेच दिसते. तेव्हा दोन वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही.

नमुने एका प्रयोगशाळेत पाठवले. सशुल्क सेवा होती. दोन महिन्यांनी हजारो ओळींचा तक्ता आला. त्यात दोन्ही गटांतला फरक इतका स्वच्छ होता की मी रात्री उशिरापर्यंत तो तक्ता वर-खाली करत बसले. कामगारांच्या रक्तात लॅक्टेट जास्त, हायपोझँथिन कितीतरी जास्त, ग्लुकोज कमी. हायपोझँथिन हे पेशींचं ऊर्जेचं नाणं, एटीपी, मोडल्यावर मागे उरणारं द्रव्य. विश्रांतीनंतरही, उपाशीपोटीही या माणसांच्या पेशी ऊर्जेच्या तुटीत आहेत, असा त्याचा अर्थ मी लावला. 'दीर्घकालीन श्रमाची रेणवीय खूण' असं मी शोधनिबंधात लिहिलं. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. जे मला लहानपणापासून दिसत होतं त्याला यंत्राने पुरावा दिला, असं मला वाटलं.

निबंध एका नियतकालिकाकडे गेला आणि परीक्षकाचे प्रश्न आले. दोन्ही गटांत रक्त काढल्यापासून प्लाझ्मा वेगळा करेपर्यंत किती वेळ गेला? नमुने यंत्रावर कोणत्या क्रमाने चालवले? सगळ्यांचं थोडं थोडं मिश्रण करून केलेला तपासणी-नमुना दर किती नमुन्यांमागे चालवला? कोऱ्या नमुन्यात काय दिसलं? प्रयोगशाळेला विचारलं, तर एका ओळीचं उत्तर आलं की तुम्ही दिलेले नमुने दिलेल्या क्रमाने चालवले. मला परीक्षकाचा राग आला. इतकं मोठं निरीक्षण समोर असताना हा माणूस घड्याळ आणि रांग विचारतो आहे! पण उत्तर देण्यासाठी त्याची भाषा यायला हवी होती. म्हणून ज्या प्रकारच्या कार्यशाळेला मी मुलीला जाऊ दिलं नाही, तशाच एका पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला मी स्वतः पुण्याला गेले. शिकायला नाही, परीक्षकाला गप्प करण्यापुरते शब्द घ्यायला.

आम्ही बारा जण होतो आणि मी वयाने सगळ्यांत मोठी. शिकवणाऱ्या तंत्र अधिकारी पस्तिशीच्या असतील. सगळे त्यांना ताई म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं यंत्र दाखवतील. त्यांनी हातात पिपेट दिलं. एकाच प्लाझ्माचे सहा भाग. प्रत्येकात 50 मायक्रोलिटर प्लाझ्मा आणि 200 मायक्रोलिटर गार मेथनॉल, ज्यात खूण म्हणून जड हायड्रोजनचं अमिनो आम्ल मोजून घातलेलं. मेथनॉलने प्रथिनं साकळतात, पांढरा साका खाली बसतो, वरचा नितळ द्रव यंत्राला द्यायचा. सहाही नळ्यांत खूण सारखीच टाकली असेल, तर सहाही वेळा आकडा सारखाच यायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल भिंतीवर दाखवला. ताईंच्या सहा आकड्यांत चार टक्क्यांचा फैलाव होता. माझ्या सहांत एकोणीस टक्क्यांचा. पिपेट मी पंचवीस वर्षं वापरते आहे. ताई माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा एकदा करून दाखवता?" मी मेथनॉल घेतलं, टीप वर उचलली. आणि त्यांनी बोट दाखवलं तिथे पाहिलं, तर टिपेच्या टोकाला थेंब जमत होता. तो नळीपर्यंत जायच्या आत टेबलावर पडला. "मेथनॉलची वाफ टिपेतल्या हवेत भरते आणि द्रव बाहेर ढकलते," त्या म्हणाल्या. "आधी दोन-तीनदा आत-बाहेर करा, टीप भिजू द्या, मग घ्या." मी तसं केलं. थेंब टोकाला चिकटून राहिला, हलला नाही. बाष्पदाब मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पण माझ्या हाताला तो माहीत नव्हता.

त्या दिवशी दुपारी कोरा नमुना चालवला. त्यात रक्ताचा अंशही नव्हता. नुसतं मेथनॉल, पण त्याच नळ्यांतून, त्याच टिपांतून, त्याच हातांतून गेलेलं. मला वाटलं सपाट रेष येईल. पडद्यावर शेकडो शिखरं उभी राहिली. ताई एकेकाची ओळख करून देत होत्या. 391.284, हा प्लॅस्टिक मऊ करणारा पदार्थ. चव्वेचाळीस-चव्वेचाळीसच्या अंतराने शिडीसारखी चढत गेलेली ओळ, ही साबणातून किंवा हाताच्या क्रीममधून आलेली. मग 338.34. "हे एरुकामाइड. प्लॅस्टिकच्या नळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात घालतात." मी वही बंद केली. 338.34 हा आकडा मला पाठ होता. माझ्या निबंधात तो 'कामगारांच्या रक्तात आढळलेला अनोळखी रेणू' म्हणून तिसऱ्या क्रमांकावर होता. दुसऱ्या हंगामात आम्ही नळ्या वेगळ्या दुकानातून घेतल्या होत्या.

तरीही माझा मुख्य निष्कर्ष शाबूत आहे असं मी स्वतःला सांगत होते. नळ्या बदलल्या असतील, पण लॅक्टेट आणि हायपोझँथिन काही प्लॅस्टिकमधून येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका प्रशिक्षकाने स्वतःचं रक्त दिलं. एकाच वेळी काढलेलं रक्त चार नळ्यांत. पहिली नळी लगेच फिरवली. दुसरी तासाभराने, तिसरी दोन तासांनी, चौथी चार तासांनी. तोवर त्या टेबलावर, खोलीच्या तापमानाला, एका स्टँडमध्ये ओळीने उभ्या होत्या. चारही नळ्या दिसायला अगदी सारख्या. लाल. रंगात फरक नाही, वासात नाही. मी त्यांच्याकडे बघत चहा प्यायले.

संध्याकाळी आलेख आले. ऋण आयनांच्या रनमध्ये 89.024 वर लॅक्टेट, पहिल्या नळीपासून चौथ्या नळीपर्यंत पायरी-पायरीने वर. 179.056 वर ग्लुकोज, पायरी-पायरीने खाली. मग धन आयनांचा रन लावला आणि 137.046 वर हायपोझँथिन दिसलं. पहिल्या नळीत बेताचं शिखर, चौथीत ते इतकं उंच की बाकीची तीन शिखरं त्याच्यापुढे जमिनीलगत वाटत होती.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तांबड्या पेशींना मायटोकाँड्रिया नसतात. नळीतही त्या जिवंत असतात, प्लाझ्मातलं ग्लुकोज खातात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात. त्यांचं एटीपी मोडत मोडत हायपोझँथिनवर येऊन थांबतं, कारण त्यापुढे नेणारं विकर त्यांच्यात नसतं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, परीक्षेत विचारते आणि न लिहिणाऱ्याचे गुण कापते. ग्लुकोज कमी, लॅक्टेट जास्त, हायपोझँथिन खूपच जास्त. माझ्या निबंधातलं चित्र हेच होतं. ते श्रमाचं चित्र नव्हतं, वाट बघणाऱ्या नळीचं होतं.

त्या रात्री मी विद्यार्थिनीला फोन केला. "रक्त कधी काढलं आणि कधी फिरवलं, याची काही नोंद आहे का गं?" एवढंच विचारलं. मी स्वतः तिला सांगितलं होतं की वहीत तारीख पुरे, वेळ लिहीत बसू नकोस. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "आहे मॅडम. संमतीपत्राच्या मागे काढल्याची वेळ लिहिलीये, आणि सेंट्रिफ्यूजच्या वहीत फिरवल्याची. मला वाटलं, असावी." रात्रभर बसून तिने ऐंशी नमुन्यांच्या वेळा एका तक्त्यात भरून पाठवल्या.

चौथा दिवस संगणकाचा होता. कच्च्या फायलीतून शिखरं कशी वेचायची, एकसारखी कशी लावायची, हे करताना पहिलाच धक्का असा की आम्हा बारा जणांना एकाच फायलीतून बारा वेगवेगळे आकडे मिळाले, कारण प्रत्येकाने मर्यादा वेगळ्या ठेवल्या होत्या. शिखरांची संख्या म्हणजे रेणूंची संख्या नव्हेच. 2017 मध्ये एका संशोधनात एका जीवाणूच्या नमुन्यातली पंचवीस हजार शिखरं गाळत गाळत खरे वेगळे रेणू हजाराच्या आत उरले होते. एकच रेणू कधी सोडियम घेऊन येतो, कधी पाणी गमावून येतो, कधी जड कार्बन घेऊन येतो, आणि आपण त्याला चार नावं देतो.

दुपारी ताईंनी विचारलं, "कुणी स्वतःचा डेटा आणलाय का?" मी पेनड्राइव्ह दिला. ऐंशी नमुन्यांचे ऐंशी ठिपके पडद्यावर आले. रोजच्यासारखे रंग दिले, कामगार लाल आणि बैठे निळे. दोन ठळक पुंजके. मागच्या खुर्चीवरून कुणी तरी 'वा' म्हटलं. मग मी म्हणाले, "आता गटाचा रंग काढा. रक्त फिरवायला लागलेल्या वेळेचा रंग द्या." गडद म्हणजे जास्त उशीर. लाल पुंजका एका टोकाला गडद होता आणि निळ्याच्या दिशेने फिका होत गेला होता. ज्यांचं रक्त पहिल्यांदा काढलं ते गाडीची वाट बघत सर्वांत जास्त थांबले होते, तीन तासांहून अधिक. तेच सगळ्यांत दूरच्या टोकाला होते. आणि एका सकाळी गाडी लवकर मिळाली होती. त्या खेपेचे दहा कामगार निळ्या ठिपक्यांत मिसळून गेले होते.

खोलीत कुणी काही बोललं नाही. ताईंनी दिवा लावला आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मी तिथेच बसून संपादकांना पत्र लिहिलं आणि निबंध मागे घेतला.

इथपर्यंतचं वाचून कुणी म्हणेल, ही प्रयोगाच्या आखणीतली चूक होती, ती पुस्तक वाचूनही कळली असती. खरं आहे. नमुना लवकर वेगळा करावा हे पुस्तकात असतं, आणि मी ते वाचलंही होतं. परीक्षकानेही तोच प्रश्न विचारला होता, आणि मी त्याला आडकाठी समजले. वाचलेलं वाक्य माझ्यात शिरलं ते टेबलावर चार लाल नळ्या उभ्या असताना, त्यांच्यात काहीच घडत नाही असं डोळे सांगत असताना. हात लावल्याशिवाय काही गोष्टी माणसाच्या आत जात नाहीत, हे मी या वयात शिकले.

माझ्या मताची मुळं कुठे होती, याचाही मी विचार केला. डोक्याचं काम वरचं आणि हाताचं खालचं, ही आपल्याकडची जुनी उतरंड मी शास्त्राच्या नावाखाली जपली होती. 'तंत्र सहायक' म्हणताना माझ्या आवाजात जे असे, ते आता मला ऐकू येतं. ज्या मास स्पेक्ट्रोमेट्रीवर हे सगळं उभं आहे तिच्यासाठी 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांत जॉन फेन यांच्याबरोबर जपानचे कोइची तानाका होते. तानाका एका कंपनीतले अभियंते, डॉक्टरेट न केलेले. प्रयोग करताना चुकून धातूच्या बारीक भुकटीत ग्लिसरीन मिसळलं गेलं. टाकून न देता त्यांनी ते मिश्रण तसंच वापरून पाहिलं, आणि मोठे रेणू न मोडता मोजण्याची वाट सापडली. हाताने केलेली चूक हाताने तपासून पाहणारा माणूस. आणि मी माझ्या विद्यार्थिनीला हातकामापासून दूर ठेवत होते.

परत आल्यावर मी तिला केबिनमध्ये बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या अर्जाबद्दलही बोलले. "तेव्हा तुला जाऊ दिलं असतं तर पहिल्याच हंगामात हे तुझ्या लक्षात आलं असतं. तुझी दोन वर्षं माझ्यामुळे गेली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की दुःखाचं, मी विचारलं नाही. तिला तेवढा हक्क होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, पुन्हा करायचं असेल तर वेळेचा रकाना पहिला ठेवू." चार महिन्यांनी ती प्रशिक्षणाला गेली.

माझं जुनं मत पूर्ण चुकीचं होतं असंही नाही. भाषणं ऐकवून, काचेपलीकडून यंत्र दाखवून प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण जिथे शिकणाऱ्याच्या हातात पिपेट देतात, त्याचे सहा आकडे भिंतीवर लावतात, कोरा नमुना चालवायला लावतात आणि त्याचाच डेटा त्याच्यासमोर उघडतात, ते पाच दिवस म्हणजे शास्त्रच. ल्युसीन आणि आयसोल्युसीन या दोन अमिनो आम्लांचं वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत सारखं असतं. यंत्र वजनावरून त्यांना कधीच वेगळं करू शकत नाही. यंत्राच्या आधी रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून कोण आधी बाहेर पडतं हे शुद्ध नमुना चालवून स्वतः पाहावं लागतं. रेणूची ओळख किती पक्की आहे हे चार पायऱ्यांत सांगावं, असा संकेत या क्षेत्रातल्या लोकांनी 2007 मध्ये घालून दिला आहे. माझ्या पहिल्या निबंधातल्या बहुतेक नावांना वरची पायरी मिळाली नसती. आता आमच्या एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत पहिला धडा गार मेथनॉल पिपेटने घेण्याचा आहे, दुसरा चार नळ्यांचा.

गेल्या हंगामात आम्ही पुन्हा फडावर गेलो. या वेळी लहान सेंट्रिफ्यूज बरोबर होतं, जीपच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालणारं. बर्फ होता. आणि गोठवण्यासाठी द्रव नायट्रोजन, जो शोधायला मी पुण्या-मुंबईकडे बघत होते आणि जो आमच्या शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला कायम भरलेला असतो. विद्यार्थिनीनेच ते सुचवलं. प्रत्येक नळी काढल्यापासून पंधरा मिनिटांत फिरत होती, अर्ध्या तासात गोठत होती. बैठं काम करणाऱ्यांच्या रक्तालाही तेच घड्याळ लावलं. आता ते नमुने फ्रीझरमध्ये आहेत. यंत्रावर कोणत्या क्रमाने जायचे याच्या चिठ्ठ्या आम्ही दोघींनी मिळून काढल्या आहेत.

पहिल्या सकाळी रांगेत एक बाई होती, मागच्या खेपेलाही तिने रक्त दिलं होतं. शेकोटीजवळ बसून हात पुढे करायच्या आधी तिने विचारलं, "बाई, मागं घेतलं हुतं त्या रगतात काय निघालं?"

हा प्रश्न कधी तरी येणार हे मला ठाऊक होतं. मी तिच्याशेजारी बसले. म्हणाले, "काही नाही निघालं, मावशी. चूक आमची झाली. तुमचं रक्त काढून आम्ही ते तीन-तीन तास तसंच ठेवलं. त्या वेळात ते आतल्या आत बदलून गेलं. म्हणून पुन्हा आलोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फडाकडे मान वळवली. आदल्या दिवशी तोडलेल्या मोळ्या, गाडी आली नाही म्हणून, बांधावर पडून होत्या.

"ऊस बी तसाच," ती म्हणाली. "तोडून पडला की वाळतोय. वजनात मार बसतोय, साखर बी उतरतीया. तोडला की लगी नेला पायजे."

ऊसपट्ट्यात माझा जन्म गेला. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही की त्यातली साखर मोडते, हे मी रसायनशास्त्राच्या भाषेतही सांगू शकते. पण तिला ते टनामागे मिळणाऱ्या पैशातून, खांद्यावरच्या मोळीतून माहीत होतं. तोडल्यानंतरचा वेळ काय करतो, हे त्या शेकोटीभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन हंगाम मी त्यांच्या मधून नळ्या घेऊन गेले आणि कुणालाच काही विचारलं नाही.

तिने बाही वर सारली. माझ्या विद्यार्थिनीने घड्याळ पाहिलं आणि वहीच्या पहिल्या रकान्यात वेळ लिहिली.